पाईपातला घरजावई

साइटवर काम करणाऱ्यांकडे इतके किस्से साठतात कसे, असं लग्नाकार्यात मला कुणीतरी हमखास विचारतं. मी सांगते, नेटवर्क नसतं म्हणून. मोबाइलला रेंज असती तर जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे माना खाली घालून बसलो असतो आणि कोण काय बोललं ते कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं. आमच्या लाइनीवर निम्म्या अंतरात टॉवरच नाही. त्यामुळे सकाळी एक जण काही बोलला की ते जीपमधून, ट्रॅक्टरवरून, सायकलवरून सगळ्या कॅम्पांत फिरायचं आणि संध्याकाळी परत यायचं तेव्हा बरंच सुधारलेलं असायचं. मी सांगतेय ते शक्यतो न सुधारलेलं.

आधी काम काय ते सांगते. चंद्रपूरकडे एका प्लांटमध्ये सोलरच्या विजेवर हायड्रोजन तयार होतो. तो गडचिरोलीतल्या एका पोलाद कारखान्यात कोळशाऐवजी वापरायचा. मधे जंगल, धानाच्या बांध्या, म्हणजे तुमची भातखाचरं, आणि वैनगंगा. या सगळ्यातून पाईप न्यायचा, एवढंच आमचं काम. मी वेल्डिंग इन्स्पेक्टर. मूळची ब्रह्मपुरीची. साइटवर सगळे मला बोरकर मॅडम म्हणतात.

* * *

इनामदार साहेब आमचे प्रोजेक्ट इनचार्ज. पुण्याचे. माणूस भला, फक्त समोरच्याला समजावून सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पाईप पुरायला सुरुवात व्हायच्या आधी त्यांनी सगळ्यांना कंटेनरच्या ऑफिसात बसवलं आणि हायड्रोजन हा काय प्रकार आहे ते सांगितलं.

"हायड्रोजनचा अणू सगळ्यांत लहान," साहेब म्हणाले. "तो पोलादातसुद्धा शिरतो. अगदी शांतपणे. कुणाला पत्ता लागत नाही. आत जागा धरून बसतो. पोलाद जितकं कडक, तितका त्याचा त्रास जास्त. वरून पाईप नव्यासारखा दिसतो. आणि एक दिवस न वाकता, न फुगता, तडकन तुटतो. समजलं?"

मग मागच्या बाकावरून सुखदेवभाऊ उठले. सुखदेवभाऊ आमचे लाइन पेट्रोलिंगवाले. आधी बरीच वर्षं जंगलात वनमजूर होते, त्यामुळे लाइन ज्या वाटेने जाते ती सगळी वाट त्यांच्या पायाखालची.

"समजलं जी," ते म्हणाले. "घरजावई."

"काय?"

"लहान होऊन येते. काई बोलत नाई. आत जागा करून बसते. आनि घर जितकं कडक, तितकं लवकर तुटते."

साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, तांत्रिकदृष्ट्या उदाहरण बरोबर आहे.

तेव्हापासून वेल्ड किती कडक झालाय हे तपासायची जी टेस्ट असते, तिला साइटवर 'घरजावई टेस्ट' म्हणायला लागले. पुढे कुणीतरी रिपोर्टमध्ये नुसतं 'जी.जे. टेस्ट' लिहिलं. दिल्लीहून एक कन्सल्टंट आले होते, त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की ही टेस्ट कुठल्या स्टँडर्डमध्ये आहे. मी म्हटलं, लोकल स्टँडर्ड आहे. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

बऱ्याच महिन्यांनी सुखदेवभाऊंनी आम्हाला घरी जेवायला बोलावलं. दारावर पाटी होती, ती त्यांच्या सासऱ्यांच्या नावाची. सासरे स्वतः ओसरीत बसलेले. भाऊ लग्न झाल्यापासून तिथेच राहत होते.

मी म्हटलं, "घर तर चांगलं मजबूत दिसतंय, भाऊ."

"मजबूत कुठी जी," ते म्हणाले. "नरम आहे. म्हनून टिकलं."

* * *

व्यंकटेशम आमचा वेल्डरांचा फोरमन. सिरोंच्याचा, गोदावरीकाठचा. मराठी येते, हिंदी येते, पण हातात वेल्डिंगचा होल्डर असला की तोंडातून फक्त तेलुगू निघते.

त्याचे सुरुवातीचे जोड मी नापास केले होते. दिसायला देखणे, एक्स-रेमध्ये स्वच्छ, पण हायड्रोजनसाठी फार कडक. तो चिडला नाही. कापलेला तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघत बसला.

"मॅडम," तो म्हणाला, "मी शिकलो तेव्हापासून सगळ्यांनी मले एकच सांगितलं. जोड पाईपापेक्षा कडक पायजे. तुमी पहिल्या, ज्या म्हनता की थोडा नरम ठेव."

मी म्हटलं, यात तुझी चूक नाही, गॅसच वेगळा आहे. तो उठला. दुसऱ्या दिवसापासून त्याने पाईप आधी नीट तापवून घ्यायला सुरुवात केली आणि जोड झाला की त्यावर उबदार ब्लँकेट गुंडाळायचा, म्हणजे तो सावकाश गार होईल. वारा सुटला की स्वतः आडवा उभा राहायचा. बाळंतिणीची काळजी घ्यावी तसं चाललं होतं. त्यानंतरचे जोड पास झाले. पास झाला हे सांगितलं की तो मान वळवून दुसरीकडे बघायचा, कारण त्याला आनंद झालेला दिसू द्यायचा नसायचा.

तर याच सुमारास इनामदार साहेब रोज एकदा त्याच्याकडे चक्कर मारायचे. व्यंकटेशम तोंडावर मास्क घेऊन कामात.

"आजचा जॉइंट कसा झाला?"

"पर्वालेदु, सर."

मास्कमधून साहेबांना फक्त 'परवा' ऐकू आलं.

"परवा का? आज का नाही?"

"पर्वालेदु, पर्वालेदु."

साहेबांनी मुंबईच्या हेड ऑफिसला कळवलं की काम दोन दिवस मागे आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुन्हा परवा. असा आठवडा गेला. शेवटी साहेब माझ्याकडे आले, चेहरा उतरलेला.

"बोरकर, हा माणूस रोज मला परवाचा वायदा करतो. आणि तुमच्या रिपोर्टमध्ये जॉइंट पुढे पुढे चाललेत. मग हे करतंय कोण?"

मी त्यांना सांगितलं की पर्वालेदु हा तेलुगू शब्द आहे. त्याचा अर्थ ठीक आहे, काळजी नको.

साहेब खुर्चीत बसले. पाणी प्यायले.

"आणि मी मुंबईकडून वाढीव दिवस मागून घेतले, त्यांचं काय?"

"पर्वालेदु," मी म्हटलं.

* * *

उन्हाळ्यात एका सकाळी पाईपासाठी खणलेल्या चरात वाघीण येऊन बसली. ताजी माती, आत गारवा. तिच्या जागी मीही बसले असते.

काम थांबलं. वनरक्षक आला, लांबून पाहिलं आणि म्हणाला, तिला उठवायचं नाही, तिची तीच जाईल. साहेबांनी त्या दिवसाच्या रिपोर्टमध्ये लिहिलं, 'काम बंद. कारण वाघीण.'

मुंबईहून उत्तर आलं, 'वाघीण किती वेळ बसणार याचा अंदाज कळवावा.'

साहेबांनी कळवलं की अंदाज बांधता येत नाही. त्यावर दुसरं उत्तर आलं, 'पुढील विलंब टाळण्यासाठी पर्यायी वाघमुक्त मार्ग सुचवावा.'

इनामदार साहेब हुकमाचे पक्के. त्यांनी भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशासमोर आम्हा सगळ्यांना उभं केलं आणि गंभीरपणे विचारलं, सुचवा. सुखदेवभाऊंनी चंद्रपूरवर बोट ठेवलं. तिथून ते बोट सावकाश सरकवत सरकवत थेट डावीकडे नेलं.

"इथून न्या जी."

"सुखदेवभाऊ, हा अरबी समुद्र आहे."

"हो जी. तिथी वाघ नाई."

दुपार कलल्यावर वाघीण उठून गेली. मुंबईला काय कळवलं ते साहेबांनी आम्हाला सांगितलं नाही.

* * *

पाईप जोडून झाला की त्यात पाणी भरून दाब देतात आणि कुठे फुटत नाही ना ते बघतात. मग आतलं सगळं पाणी काढून पाईप कोरडा करावा लागतो. त्यासाठी स्पंजाचा एक जाड बोळा मागून हवेचा दाब देऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलतात. त्या बोळ्याला आमच्या धंद्यात पिग म्हणतात. का म्हणतात ते मला विचारू नका.

आमचा पिग एका वळणावर अडकला. ही गोष्ट आमच्या जीपच्या ड्रायव्हरने चहाच्या टपरीवर सांगितली, मराठीत भाषांतर करून. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात मथळा आला, 'गॅसच्या पाईपात रानडुक्कर अडकले. सुटकेसाठी अभियंत्यांची शर्थ.'

सकाळीच वनखात्याची गाडी आली. तिच्यात पिंजरा होता, जनावरांचे डॉक्टर होते आणि एक तरुण वनपाल. गाडीमागून गाव आलं.

साहेबांनी वनपालाला समजावून सांगितलं की डुक्कर नाही, स्पंज आहे.

"माझा विश्वास आहे, साहेब," वनपाल म्हणाला. "पन बातमी आली म्हंजे मले पंचनामा करावा लागते. तुमी काढा, मी थांबतो."

आम्ही हवेचा दाब हळूहळू वाढवत राहिलो. गावातल्या बायका झाडाखाली बसल्या. एक म्हातारी मला येऊन म्हणाली, "बाई, जास्त जोर नका देऊ, बिचाऱ्याची हाडं मोडतील." मी बरं म्हटलं. दुपारी पाईपातून घर्र असा आवाज यायला लागला. तो आवाज ऐकून गर्दीतले बरेच जण मागे सरले आणि डॉक्टरांनी बॅग उघडली. मग टोकाच्या बंद डब्यात धप्पकन काहीतरी येऊन आदळलं. दाब पूर्ण उतरवून आम्ही झाकण उघडलं आणि ओलागच्च, कडा फाटलेला पिवळा स्पंज बाहेर काढला.

वनपालाने तो मोजला. डॉक्टरांनी त्याकडे पाहिलं आणि बॅग बंद केली. पंचनाम्यात वनपालाने लिहिलं, 'सदर डुक्कर स्पंजाचे असून बाहेर काढले असता हालचाल आढळली नाही.'

तेवढ्यावर संपलं असतं. पण तो स्पंज त्याने गाडीत टाकायला सांगितला. साहेब धावले. ते म्हणाले, अहो, तो परत वापरायचा आहे, परदेशातून मागवलाय.

"वन्यप्राणी खाजगी ताब्यात ठेवता येत नाई, साहेब," वनपाल म्हणाला.

त्याचा चेहरा जराही हलला नाही. तो गेला स्पंज घेऊन. थट्टा करत होता की काय, ते आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

* * *

शबाना आमची सेफ्टी ऑफिसर. बल्लारपूरची, बुटकी, आवाज मात्र दोन कॅम्प ओलांडून जाईल असा. तिच्या या किश्श्यात हसण्यासारखं कमी आहे, तरी आमच्यात हाच जास्त सांगितला जातो.

हायड्रोजनची एक वाईट खोड आहे. तो पेटला तर भर उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. धूर नाही, रंग नाही. माणूस सरळ आगीत चालत जाऊ शकतो. ज्योत दाखवणारा कॅमेरा असतो, पण कॅमेरा कधी हाताशी असतो, कधी नसतो. म्हणून या धंद्यातली जुनी रीत अशी, की संशय आला तर लांब बांबूला केरसुणी बांधायची आणि ती पुढे धरून चालायचं. केरसुणी पेटली, की थांबायचं.

शबानाने मुंबईकडे केरसुणी मागितली. स्टोअरवाल्यांनी कळवलं, साफसफाईचं कंत्राट दिलेलं आहे, झाडू कंत्राटदाराने आणावा.

तिने कळवलं, ही झाडायला नाही.

त्यांनी विचारलं, मग कशाला?

तिने लिहिलं, 'जाळायला.'

काही दिवस मुंबईहून काहीच आलं नाही. शेवटी केरसुणी 'सुरक्षा उपकरण' म्हणून मंजूर झाली आणि कुरियरने आली. ब्रह्मपुरीच्या बाजारात ढिगाने मिळते तसलीच.

गॅस सुरू झाल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी आणि शबाना एका व्हॉल्व्ह स्टेशनवर तपासणीला गेलो होतो. व्हॉल्व्ह स्टेशन म्हणजे तारेच्या कुंपणात जमिनीवर आलेला पाईप आणि त्यावर व्हॉल्व्ह. गाडीतून उतरतोय तेवढ्यात आतला अलार्म वाजायला लागला. सुखदेवभाऊ पेट्रोलिंग करत आमच्या आधी तिथे पोचले होते आणि फाटकाकडे हात नेत होते.

"आवाज येऊन राह्यला मॅडम," ते म्हणाले, "पन दिसत तर काईच नाई."

शबाना धावत गेली आणि त्यांची कॉलर धरून त्यांना मागे ओढलं. भाऊ तिच्यापेक्षा दुप्पट, तरी मागे आले. फुस्स असा बारीक आवाज मलाही ऐकू येत होता. पाईप दिसत होता, व्हॉल्व्ह दिसत होता, मागे पळसाचं झाड दिसत होतं. सगळं नेहमीसारखं. कॅमेरा दुरुस्तीला नागपूरला गेलेला.

तिने वायरलेसवरून कंट्रोल रूमला दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करायला सांगितलं. मग गाडीच्या टपावर बांधलेला बांबू सोडला आणि फाटकाकडे निघाली, एकेक पाऊल टाकत, केरसुणी पुढे धरून. मी तिच्या मागे. का गेले ते माहीत नाही, माझा काही उपयोग नव्हता.

फाटकाच्या कडीजवळ केरसुणीचं टोक हवेतल्या हवेत पेटलं. समोर काही नव्हतं, आणि ती पेटली. ज्या जागी सुखदेवभाऊंचा हात पोचणार होता, बरोब्बर त्या जागी.

आम्ही मागे आलो. दोन्ही बाजूंनी गॅस बंद झाला, आत उरलेला जळत राहिला आणि हळूहळू तो आवाज बसला. शबानाने उरलेली अर्धी केरसुणी पुन्हा त्याच जागी धरून पाहिली. या वेळी काही झालं नाही. तेव्हा ती खाली बसली.

सुखदेवभाऊ पळसाखाली जाऊन बसले होते. त्यांनी पाणी मागितलं आणि ग्लास डाव्या हातात घेतला. उजव्या हाताकडे बघत होते.

गळती बोल्टांनी आवळलेल्या जोडात निघाली. हायड्रोजनला असला जोड म्हणजे उघडं दारच. पुढे व्यंकटेशमने तो काढून तिथे वेल्ड केला.

शबानाने मुंबईकडे नवी केरसुणी मागितली. उत्तर आलं, जुनी जमा केल्याशिवाय नवी देता येत नाही. तिने जळका बुडखा खोक्यात घालून पाठवून दिला. त्यावर स्टोअरचं पत्र आलं, 'वस्तू मिळाली. झीज नैसर्गिक वाटत नाही. खुलासा करावा.'

तिने सुखदेवभाऊंच्या उजव्या हाताचा फोटो काढून पाठवला. पाचही बोटं स्पष्ट दिसत होती. खाली लिहिलं, 'खुलासा सोबत जोडला आहे.'

केरसुणी लगेच आली.

* * *

या प्रसंगानंतर पेट्रोलिंगवाल्यांना हातात धरायची गॅस शोधणारी यंत्रं मिळाली. मोठ्या टॉर्चसारखं यंत्र, जमिनीजवळ फिरवायचं, गॅस असला की ओरडतं. सुखदेवभाऊ ते लेकरासारखं सांभाळत.

एका सकाळी गडचिरोलीच्या बाजूच्या जंगलात ते यंत्र ओरडलं. भाऊ टेकडीवर चढले, रेंज मिळवली आणि फोन केला. आम्ही लाइनीचा तेवढा भाग बंद केला. लाइन बंद म्हणजे पोलाद कारखान्याची भट्टी मंदावली. त्यांचे मॅनेजर इनामदार साहेबांना फोनवर जे बोलत होते ते गाडीत सगळ्यांना ऐकू येत होतं, आणि साहेब फक्त "हो, हो" म्हणत होते. जमिनीखालचा पाईप तडकला असेल, तर आतापर्यंतचं सगळंच काम संशयात येणार होतं. मी पास केलेले जोड होते ते. व्यंकटेशम गाडीत माझ्या शेजारी बसला होता आणि एक शब्द बोलत नव्हता.

तिथे पोचलो. यंत्र खरंच ओरडत होतं. मशीन न लावता हातानेच सावकाश खणायला घेतलं. हातभर गेलो असू, तेव्हा कुदळीला प्लास्टिकचा ड्रम लागला. त्याच्या शेजारी दुसरा. झाकण किलकिलं केल्यावर असा वास आला की खणणारे दोन पावलं मागे झाले. सगळे नाही. काही पुढेही आले.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"मोह, साहेब," सुखदेवभाऊ म्हणाले.

दारूसाठी मोहफुलं भिजवून सडवायला पुरून ठेवतात, त्याचे ड्रम. जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे जंगलात पुरतात. आणि आमच्या लाइनीवरची माती एकदा खणलेली, अजून भुसभुशीत. यापेक्षा सोयीची जागा साऱ्या जंगलात नव्हती. फुलं सडताना दारूची जी वाफ सुटत होती, तिच्यावर यंत्र ओरडत होतं. तळापर्यंत खणून पाईप तपासला. पाईप ठणठणीत होता. व्यंकटेशमने त्यावर हात फिरवला, खाली वाकून जोडावरचा मी घातलेला नंबर वाचला आणि मग पहिल्यांदा बोलला. म्हणाला, भूक लागली.

ड्रम कुणाचे, असं साहेबांनी जमलेल्यांना विचारलं. कुणाचेच नव्हते.

रिपोर्टमध्ये 'रूट कॉज' असा एक रकाना असतो. मूळ कारण. साहेबांनी त्यात एक शब्द लिहिला, 'मोह.'

मुंबईहून उत्तर आलं, 'कृपया आध्यात्मिक नव्हे, तांत्रिक कारण द्यावे.'

साहेबांनी एक पान भरून खुलासा पाठवला. तो बहुधा कुणी वाचला नाही, कारण पुढचं पत्र आलं, 'कारणाची नोंद घेतली. असे पुन्हा घडू नये म्हणून उपाय काय योजणार?'

साहेबांनी ते पत्र आम्हाला वाचून दाखवलं. सुखदेवभाऊ दारात उभे होते.

"मोह सोडा म्हना," ते म्हणाले.

साहेबांनी तेच लिहिलं, जरा शुद्ध करून. 'मोह टाळावा.' रिपोर्ट मंजूर झाला.

* * *

लाइन नीट चालायला लागल्यावर तिची एक फाटी दुसऱ्या एका कारखान्याकडे न्यायचं ठरलं. ती ज्या गावाच्या शिवारातून जाणार होती, तिथे ग्रामसभा होती. गाव धानाचं आणि तलावाचं. निम्मी घरं मासेमारीवर. गावाने ठराव दिला नाही तर फाटीचं काम अडणार होतं, म्हणून साहेब स्वतः आले. मी, शबाना, सुखदेवभाऊही होतो.

सभा ग्रामपंचायतीसमोरच्या मांडवात भरली. साहेबांनी छान सांगितलं. पाईप किती खोल असेल, वरून धान कसा घेता येईल, गळती झाली तर काय करतो. लोकांनी बरंच विचारलं. बांध फोडाल तर पुन्हा कोण बांधून देणार, कामावर गावातली माणसं घेणार का. साहेब एकेकाला नीट उत्तर देत होते. लोक ऐकून घेत होते.

मग मालनबाई उठल्या. तलावावर मासे धरणाऱ्यांची जी सोसायटी आहे, तिच्या अध्यक्ष. नवरा अध्यक्ष होता, तो गेल्यापासून त्याच बघतात. सरपंचही त्यांच्याशी बोलताना उभा राहत होता.

"मले एक सांगा साहेब," त्या म्हणाल्या. "हा तुमचा वायू येते कुठून?"

"पाण्यातून, बाई."

"कोनत्या पान्यातून? आमच्या तलावाच्या?"

"नाही, नाही. तुमच्या तलावाला हात लावत नाही. प्लांटचं पाणी वेगळं आहे. पाणी हे दोन वायूंचं बनलेलं असतं. त्यात वीज सोडली की ते वायू वेगळे होतात. एक हायड्रोजन. तो आम्ही या पाईपातून नेतो."

"आनि दुसरा?"

"दुसरा ऑक्सिजन."

मांडवात बायकांच्या बाजूला कुणीतरी लेकराला गप्प केलं.

"ऑक्सिजन," मालनबाई म्हणाल्या. "तोच? सिलिंडरात भरते तो?"

"तोच."

"मंग तो कुठी नेता?"

"तो कुठेच नेत नाही, बाई. तो हवेत सोडून देतो," साहेब म्हणाले. "त्याची काळजी करू नका. त्याने काही अपाय नाही."

"रोज सोडता?"

"प्लांट चालू असतो तोवर चालूच असतं ते."

मालनबाईंनी पदर खांद्यावर नीट घेतला.

"मंग कोरोनात कुठी होते तुमी?"

साहेबांनी हातातला माइक खाली केला, पुन्हा वर केला. कुणी त्यांच्या मदतीला गेलं नाही. मीही नाही. शबाना आपल्या हेल्मेटचा पट्टा बघत होती.

"तेव्हा प्लांट नव्हता, बाई," ते म्हणाले. "नंतर झाला."

"हो," मालनबाई म्हणाल्या. "मागाहूनच येते सगळं."

मग सरपंचाकडे वळून त्यांनी विचारलं, "साहेबाईले चाय सांगितला काय?"